पुरी किंमत

‘करोडगिरी’ हा शब्द आता परभणीत उच्चारला तर ऐकणाऱ्याला वाटतं, कुणा कोट्यधीशाची गोष्ट निघाली. निजामाच्या राज्यात जकातीला करोडगिरी म्हणत. मुंबई इलाख्यातून सुताचं गाठोडं येवो नाहीतर बांगड्यांची पेटी, हैदराबादच्या हद्दीत शिरली की आधी करोडगिरी भरायची, मग माल सोडवायचा. आमच्या स्टेशनाला लागून तिचं ठाणं होतं आणि पेडगावचे आश्रुबा वयाच्या सतराव्या वर्षापासून त्या ठाण्यावर हमाल होते. राज्य गेलं, पुढे काही वर्षांनी करोडगिरीही उठली, ठाण्याच्या जागेत खताचं गोदाम झालं. आश्रुबा मात्र हद्दीवरच्या कुठल्याही कराला शेवटपर्यंत करोडगिरीच म्हणत राहिले, आणि मला आता वाटतं की त्यांचंच बरोबर होतं. नाव बदललं म्हणून त्या खात्याचा स्वभाव काही बदलला नव्हता.

मी तेव्हा स्टेशनाजवळच्या एका लहानशा पोस्टात सब-पोस्टमास्तर होतो. हाताखाली एक पोस्टमन, एक तिजोरी आणि नियमांच्या पुस्तकांनी भरलेलं एक कपाट, जे मी वर्षातून एकदा इन्स्पेक्शनच्या आधी पुसून घेत असे. ही हकीकत मी आश्रुबांचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. सरकारचा त्याहून जास्त आला होता. सगळ्यात जास्त कुणाचा आला ते ओघात येईलच.

आश्रुबा उंचीने कमी, पाठीने रुंद. ठाण्यावर त्यांनी अख्ख्या जिल्ह्याचा माल उचलला, पण ठाण्याच्या रांजणातलं पाणी त्यांना वरून ओतून मिळायचं. छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली आणि पंचेचाळिशीत पंडितकडून सही करायला शिकले. पंडित हा त्यांच्याच वस्तीतला मुलगा, पुढे प्राथमिक शाळेत मास्तर झाला आणि विहाराचा सेक्रेटरीही. सही सोडून आश्रुबांना दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पण ती सही ते अशी करत की मनीऑर्डरच्या फॉर्मची रांग अडून राहायची.

करोडगिरीच्या ठाण्यावर ते एक गोष्ट शिकले होते आणि ती त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवली. व्यापारी कर वाचवायला मालाची किंमत कमी लिहायचे. त्यावर ठाणेदाराकडे तोड होती. त्याला संशय आला तर तो म्हणायचा, ठीक, तू लिहिलेल्या किमतीला हा माल सरकारने विकत घेतला. आणि खरंच तेवढे पैसे हातावर ठेवून माल उचलायचा. असा कायदाच होता म्हणे. जालन्याच्या एका व्यापाऱ्याने तीनशेच्या बांगड्या चाळीस रुपयांच्या लिहिल्या. ठाणेदाराने चाळीस रुपये मोजले आणि पेट्या आश्रुबांच्या पाठीवर दिल्या. तो व्यापारी फलाटावर बसून रडला.

“कमी लिवलं की माल गेला,” आश्रुबा सांगायचे. “पुरी किंमत लिवणाऱ्याचा माल म्या कधी जप्त झालेला बघितला न्हाई.”

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, त्र्याहत्तरच्या दसऱ्याला, ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. तिथे गर्दीत एका जपानी भंतेंची पिशवी त्यांनी स्टेशनपर्यंत वाहून नेली. भंतेंनी पैसे देऊ केले, आश्रुबांनी घेतले नाहीत. दुभाष्याचं काम करणाऱ्या कुणा विद्यार्थ्याने भंतेंच्या वहीत यांचं नाव आणि आमच्या पोस्टाचा पत्ता लिहून दिला. एवढ्यावर एखाद्याची ओळख संपली असती. पण डिसेंबरात भंतेंचं इंग्रजी पत्र आलं आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. उत्तर लिहायचं कामही मग माझंच झालं.

आश्रुबांच्या बायकोने, सरजाबाईंनी, त्या हिवाळ्यात एक वाकळ शिवली. लोक तिला गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. जुन्या लुगड्यांची सात पदरी, टाके इतके बारीक की मोजता येऊ नयेत. ती जपानला पाठवायची ठरली. मी म्हणालो, आश्रुबा, टपालाला लागणाऱ्या पैशात नवीन ब्लँकेट येईल. त्यावर सरजाबाई खिडकीतून म्हणाल्या, “बिलांकीट त्याच्या देशात न्हाई का? वाकळ हाय का त्याच्या देशात?” वाकळ गेली.

दोन महिन्यांनी भंतेंचं पत्र आलं. ती वाकळ ते रोज पांघरतात. आश्रुबांनी नागपुरात त्यांना सांगितलं होतं की पेडगावच्या विहारात मूर्ती नाही, कॅलेंडरमधून कापलेलं चित्र आहे. तेव्हा त्यांच्या मठाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी पितळेची, वर सोन्याचा मुलामा दिलेली एक बुद्धमूर्ती करवून घेतली आहे, ती टपालाने पाठवायची आहे. शेवटी एक प्रश्न होता. टपालाच्या फॉर्मवर वस्तूची किंमत लिहावी लागते. काही मित्र म्हणतात की कमी लिहावी. आपल्याकडे काय रीत आहे?

मी तो प्रश्न वाचला तेव्हा आश्रुबा ताठ झाले.

“लिवा मास्तर. पुरी किंमत लिवा म्हणावं. एक पैसा कमी लिवू नका. कमी लिवली तर करोडगिरीवाला तेवढ्याच पैशात मूर्ती उचलून नेतो.”

“आता तसं काही राहिलं नाही, आश्रुबा.”

“राहिलं न्हाई असं तुमाला पक्कं ठाऊक हाय?”

मला पक्कं ठाऊक नव्हतं. पाठीमागच्या कपाटात परदेशी टपालाच्या नियमांचं पुस्तक होतं, दोन पावलांवर. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, भेटवस्तू ठरावीक किमतीपर्यंत माफ, त्याच्या वर गेली की पूर्ण किमतीवर कर. मी ते काढलं नाही. खिडकीवर गर्दी होती, आणि खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. आश्रुबांनी सांगितलं तसं मी सुरेख इंग्रजीत लिहून दिलं, की आमच्या भागात प्रामाणिकपणे पूर्ण किंमत लिहिण्याची रीत आहे.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत पेटी आली. मुंबईच्या ऑफिसात तिच्यावरचा कर ठरून आला होता आणि तो भरून घेतल्याशिवाय पेटी द्यायची नव्हती. मूर्तीची लिहिलेली किंमत रुपयांत आठशेच्या आसपास होत होती. कर होता नऊशे साठ. मी तो आकडा तीनदा वाचला. मूर्तीपेक्षा मूर्तीचा कर मोठा. कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं होतं, ‘धातूची शोभेची वस्तू’.

त्या सालात मजुरीचा दर दिवसाला तीन रुपये होता.

आता मी काही अडाणी नाही. देशाकडे परकीय चलन नव्हतं, तेल महागलं होतं, बाहेरचा माल मोकळा सोडला तर इथले कारखाने बुडतील, हे सगळं वर्तमानपत्रात मीही वाचत होतो आणि मला ते पटतही होतं. पण मग त्याच स्टेशन रोडवर बन्सीधरच्या दुकानात काय चाललं होतं? बन्सीधर कटलरीवाला. पुढे आरसे, कंगवे, पावडरचे डबे, आणि पडद्याआड ‘फॉरीन’. जपानी घड्याळं, जपानी नायलॉनच्या साड्या, टेप, ब्लेड. सरकारने स्मगलर धरायची मोहीम काढली तेव्हा त्याने तो पडदा काढून तिथे दार बसवलं, एवढाच फरक पडला. माझी बायको लीला हिच्याकडे त्याच दुकानातली एक मोरपिशी साडी होती. तहसीलदारांच्या मुलीच्या लग्नात ती तिने नेसली तेव्हा तहसीलदारीणबाईंनी पदर हातात घेऊन पाहिला होता. कर एवढा चढवून ठेवला की साडी मागच्या दाराने यायची, आणि जो सरळ पुढच्या दाराने, नाव-पत्ता आणि खरी किंमत लिहून आला, त्याला माझ्या टेबलाखाली अडवून ठेवला. याला धोरण म्हणतात.

आश्रुबांना मी आकडा सांगितला. त्यांनी पेटीकडे बघत विचारलं, “जरा उचलून बघू का?”

नियमात बसत नव्हतं, तरी मी हो म्हणालो. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी जमिनीवरून वीतभर उचलली आणि परत ठेवली. “आठ किलोच्या थोडं वर,” ते म्हणाले. चिठ्ठीवर आठ किलो दोनशे ग्रॅम लिहिलं होतं.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ते सकाळच्या पॅसेंजरने पेडगावहून यायचे, बाकावर बसायचे, पेटी जाग्यावर आहे हे बघायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. पोस्टात काम असलेली माणसं विचारायची, काय आश्रुबा, मनीऑर्डर यायची आहे का? ते म्हणायचे, न्हाई, पाहुणे उतरलेत हितं.

मी अर्ज केला. मूर्ती पूजेची आहे, गरीब वस्तीला मिळालेली भेट आहे, कर माफ व्हावा. अर्ज विचाराधीन आहे, पेटी तूर्त राखून ठेवावी, असं उत्तर आलं. आश्रुबांच्या सांगण्यावरून मी भंतेंनाही कळवलं. भंतेंनी दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीला लिहिलं, वकिलातीने भारत सरकारला लिहिलं, आणि एप्रिलमध्ये त्या सरकारी उत्तराची प्रत भंतेंच्या पत्रासोबत माझ्या टेबलावर येऊन पडली. दोन्ही देशांच्या मैत्रीबद्दल सरकारला अत्यंत आदर आहे. तथापि एका देशाच्या भेटीला सूट दिल्यास इतर देशांचीही तशी मागणी येईल, सबब दिलगीर आहोत. पेडगावच्या विहारातल्या एका खोलीसाठी दोन राष्ट्रं एकमेकांना नमस्कार करत होती आणि माझ्या टेबलाखालची पेटी इंचभरही हलत नव्हती.

भंतेंच्या पत्रात आणखी एक ओळ होती. ती मी वाचायला नको होती. त्यांनी आश्रुबांचं सांत्वन म्हणून लिहिलं होतं, की असं सगळीकडेच होतं, तुमच्या गोधडीवरही इथल्या कचेरीने शुल्क लावलं होतं, ते मी आनंदाने भरलं.

सरजाबाई त्या दिवशी सोबत आल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला.

“म्हंजे माझी वाकळ त्यानं पैसे भरून घेतली?” त्या म्हणाल्या. “फाटक्या लुगड्याची वाकळ. अन् त्याचा बुद्ध आपल्याला भरायला पैसे न्हाईत म्हणून हितं पडलाय. काय तोंड दाखवावं माणसानं.”

वस्तीने वर्गणी काढली. दुष्काळातून नुकती वर आलेली वस्ती ती. पंडितने आपला अर्धा पगार घातला, बायकांनी बाजारचे पैसे दिले, आणि सगळं मिळून तीनशेच्या पुढे जाईना. मी वीस रुपये दिले. लीलाने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी दहा दिले. बन्सीधरच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा तो स्वतः पोस्टात आला, मनगटावरचं घड्याळ बाहीत सारत म्हणाला, “एवढा कशाला त्रास? त्या जपानवाल्याला लिहा, पुढच्या वेळी मुंबईत माझ्या माणसाकडे द्या. परभणीत घरपोच आणतो. माझं कमिशनही नको, देवाचं काम आहे.” आश्रुबांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, चोरीच्या वाटेनं तेला आणायचा न्हाई.

आता वैशाख पौर्णिमेला महिना उरला होता. पंडितने आजूबाजूच्या पाच गावांना आमंत्रणं दिलेली होती. पेडगावला जपानचा बुद्ध येणार, हे देवगाव फाट्यापर्यंत पसरलं होतं. लोक आश्रुबांना वाटेत थांबवून विचारायचे, आला का? आणि दुसरं, हळू आवाजात, किंमत जास्त लिवा असं तुमीच कळवलं म्हणं? पंडितने ते वर्गणीच्या सभेत सांगितलं नव्हतं, पण अशी गोष्ट राहते थोडीच. आश्रुबांनीही ती नाकारली नाही. मूर्ती अडली ती आपल्या शब्दाने अडली, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ती सोडवून आणली तरच ते वस्तीत मान वर करून फिरू शकणार होते.

आणि मग मुंबईहून अर्जाचं उत्तर आलं. मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. वाट होती. लिहिलं होतं की सदर वस्तूची किंमत पाठवणाऱ्याने चुकून जास्त लिहिली असल्यास, वस्तू केवळ शोभेची असून तिला विशेष मूल्य नाही, असं घेणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं, म्हणजे कराचा फेरविचार करता येईल. तिथे बसलेल्या कुणा भल्या माणसाने नियमाच्या आतून फट काढून दिली होती. मी त्याच दुपारी मजकूर टाइप करून घेतला. आश्रुबांना आणि पंडितला निरोप धाडला. पौर्णिमेला सहा दिवस होते, मी तार करून काम करवून घेणार होतो.

दोघे आले. मी कागद पुढे ठेवला, पेन दिलं, सहीची जागा दाखवली.

“काय लिवलंय?” आश्रुबांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. सदर वस्तू केवळ शोभेची असून तिला विशेष मूल्य नाही.

“शोभेची म्हंजे?”

“म्हणजे… दिवाणखान्यात ठेवतात तशी. शोकेसमध्ये.”

“अन् मूल्य न्हाई म्हंजे?”

“म्हणजे किंमत नाही.”

“कुणाला किंमत न्हाई?”

पंडित मधे पडला. “बाबा, कागदावर काय लिवलं त्यानं मूर्ती बदलत न्हाई. सही करा. लोक वाट बघायलेत.”

आश्रुबांनी पेन हातात घेतलं होतं. ते त्यांनी कागदाच्या शेजारी, सरळ रेषेत, ठेवून दिलं.

“मास्तर, आजवर आमची किंमत दुसऱ्यांनीच लिवली. दर बारीला कमी लिवली. आता माझ्या हातानं, माझ्या दस्तखतीनं, त्याची किंमत न्हाई असं लिवून देऊ? माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

मी चिडलो. इतके महिने मी ज्यासाठी अर्ज खरडले, तार-टपाल केलं, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, ते हा माणूस एका सहीसाठी घालवत होता. मी म्हणालो, अहो, सगळा देश खोटं लिहून देतो आणि काम करून घेतो. रेशनकार्डावर खोटं लिहितात, शाळेच्या दाखल्यावर खोटं लिहितात. माझ्या घरात जपानी साडी आहे, तिच्यावर कुणी भरला कर? मीसुद्धा नाही भरला. तुम्ही एकटे कोण लागून गेलात?

“ती तुमची गोष्ट हाय, मास्तर,” ते शांतपणे म्हणाले.

पंडित डोळे पुसत बाहेर गेला. तो इतका संतापला होता की आश्रुबांसोबत परतीच्या गाडीतही बसला नाही, मागच्या गाडीने गेला. पौर्णिमेला पाच गावांची माणसं आली आणि कॅलेंडरच्या चित्रापुढे मेणबत्त्या लावून गेली. मी गेलो होतो. आश्रुबा सगळ्यात मागे, दाराशी बसले होते. सरजाबाई बायकांत बसल्या होत्या आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. म्हाताऱ्याच्या हट्टापायी, हे शब्द माझ्या कानावर दोनदा आले, आणि मला ते मनातून पटत होते.

जून उजाडला, पेटी राखून ठेवायची मुदत संपली. ती आता जशी आली तशी जपानला परत जायची होती. परत पाठवायचं तर कारणाचा छापील कागद लावावा लागतो. त्यात चार कारणं छापलेली असतात आणि लागू असेल त्यावर खूण करायची. पत्ता सापडला नाही. घेणारा गाव सोडून गेला. घेणारा मयत. घेण्यास नकार.

मी चौथ्यावर खूण केली आणि पेटीवर तोच शिक्का मारला, इंग्रजीत, लाल शाईने, दोन बाजूंना. मला दुसरं सुचलं नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर तो शिक्का मारताना मला थोडं बरंही वाटलं होतं. दिला ना नकार, मग घ्या.

पेटी गेली त्या दिवशी आश्रुबा आले होते. त्यांनीच ती पोस्टाच्या पायरीपासून मेलच्या डब्यापर्यंत नेली, पोस्टमनला हात लावू दिला नाही. शिक्का इंग्रजीत होता, त्यांना तो वाचता आला नाही. त्यांनी मला विचारलंही नाही.

सप्टेंबरात भंतेंचं पत्र आलं. पाकीट बघूनच आश्रुबांचा चेहरा उजळला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना वाटत होतं की पेटी परत मिळाल्यावर भंतेंना सगळं समजलं असेल, निदान इमानदारी तरी समजली असेल. ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, वाचा.

पत्र लहान होतं. मूर्ती सुखरूप परत पोचली. तिच्यावर कर न भरल्याचा नव्हे, घेणाऱ्याने नकार दिल्याचा शिक्का आहे. त्याचं कारण मी विचारणार नाही. आमच्या कारागिराने घडवलेला चेहरा कदाचित आपल्या गावाला परका वाटला असेल. मी हा विचार आधी करायला हवा होता. माझ्या भेटीने आपल्याला संकोच झाला असेल तर क्षमा असावी. पुन्हा आपल्याला त्रास देणार नाही.

मी वाचायचा थांबलो. पेटी तर कुणी उघडलीच नव्हती. तो चेहरा पेडगावात कुणी पाहिलेलाच नव्हता.

“नकार दिला असं कुणी लिवलं?” आश्रुबांनी विचारलं.

मी मुंबईच्या ऑफिसचं नाव घेऊ शकलो असतो. त्यांनी विश्वास ठेवला असता.

“मी लिहिलं,” मी म्हणालो.

“कामून?”

“छापील कागदात चारच कारणं होती, आश्रुबा. तुमचं कारण त्यात नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी करून खिशात टाकलं आणि उठले.

“मंग हातानं लिवायचं व्हतं, मास्तर,” ते म्हणाले. “मला दस्तखतीशिवाय काई येत न्हाई. तुमाला तर लिवता येतं.”